कामातल्या अडचणीवर लेखी मदत मागताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कामात अडल्यावर आपल्याच क्षेत्रातल्या, पण रोजच्या ओळखीत नसलेल्या जाणकारांना लिहून विचारायची वेळ बहुतेकांवर येते. उत्तर देणाऱ्याला त्याचे पैसे मिळत नसतात, तुमची स्क्रीन किंवा फाइल त्याच्यासमोर नसते, आणि तुम्ही जेवढं लिहिलं तेवढ्यावरच त्याला अंदाज बांधावा लागतो. खालची बहुतेक उत्तरं या तीन गोष्टींतूनच निघतात.

विचारण्याआधी स्वतः किती शोधायचं?

साधारण अडचणीसाठी अर्धा ते एक तास पुरे. त्या वेळात तीन गोष्टी करा. एररचा मजकूर जसाच्या तसा शोधून पाहा. तुम्ही वापरता त्याच आवृत्तीचं अधिकृत मार्गदर्शन वाचा. आणि अडचण सुरू होण्याआधी काय बदललं होतं ते तपासा: अपडेट, नवीन फाइल, वेगळं मशीन, बदललेला पासवर्ड. तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात, आणि उत्तर बऱ्याचदा तिथेच असतं.

प्रयोग करताना एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय झालं ते लगेच टिपून ठेवा. तीन सेटिंग एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते तुम्हालाही सांगता येत नाही, मग दुसऱ्याला कसं कळणार?

याला एक अपवाद आहे. पुढची पायरी परत फिरवता येणारी नसेल (डेटा पुसणं, एकमेव नमुना वापरून संपवणं, करारावर सही), तर शोधत बसू नका, आधी विचारा.

विषयाच्या ओळीत काय लिहायचं?

वस्तू, घडलेली गोष्ट आणि परिस्थिती. ‘मदत हवी’, ‘एक शंका’, ‘कृपया वाचा’ यातून काहीच कळत नाही. जाणकार माणूस विषय वाचूनच ठरवतो की हे आपल्याला येतं का. ‘छपाईत अडचण’ ऐवजी ‘पीडीएफ छापताना जोडाक्षरं तुटतात, स्क्रीनवर ठीक दिसतात’ असं लिहिलं, तर ज्याला येतं तो लगेच उघडतो आणि ज्याला येत नाही त्याचा वेळ वाचतो.

नवीन प्रश्नासाठी नवीन मेल लिहा. जुन्या मेलला ‘रिप्लाय’ करून फक्त विषय बदलला, तरी त्यात आधीच्या संभाषणाचा दुवा राहतो. अनेक मेल-प्रोग्राम तो दुवा पाहून तुमचा प्रश्न जुन्या संभाषणाखाली लावतात, आणि जुना विषय बंद केलेल्यांना तो दिसतच नाही.

मजकुरात नेमकं काय असावं?

एक उदाहरण घेऊ. पहिला मसुदा असा:

‘एक्सेलमध्ये नावं नीट दिसत नाहीत. खूप प्रयत्न केले. कृपया उपाय सांगा.’

यावर कोणीही प्रामाणिक माणूस चार प्रतिप्रश्नच विचारू शकेल. आता तोच प्रश्न असा:

‘आमच्या नोंदणीच्या प्रणालीतून निघालेली सीएसव्ही फाइल (यूटीएफ-८) विंडोज ११ वर डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली, की ‘नाव’ या स्तंभात देवनागरीच्या जागी अगम्य चिन्हं येतात. आकडे आणि इंग्रजी मजकूर बरोबर दिसतो. तीच फाइल नोटपॅडमध्ये पूर्ण बरोबर दिसते. फक्त दोन ओळी ठेवून पाहिलं तरी तेच होतं. ‘डेटा’ टॅबमधून आयात करून यूटीएफ-८ निवडलं तर नावं नीट येतात. पण ही फाइल दर महिन्याला १२ जणांना जाते आणि ते डबल-क्लिकच करणार. फाइल तयार करतानाच काही बदल करता येईल का?’

(सीएसव्ही म्हणजे स्तंभ स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल. यूटीएफ-८ हे एक एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं फाइलमध्ये आकड्यांच्या रूपात साठवण्याची एक पद्धत.) यातलं प्रत्येक वाक्य एकेक चुकीची वाट बंद करतं. नोटपॅडमध्ये बरोबर दिसते, म्हणजे डेटा खराब नाही आणि फॉन्टही आहे. दोन ओळींतही होतं, म्हणजे फाइलच्या आकाराचा संबंध नाही. आयात करून जमतं, म्हणजे एक्सेलला मजकूर वाचता येतो, फक्त डबल-क्लिकच्या वेळी एन्कोडिंग ओळखता येत नाही. आणि १२ जणांचा उल्लेख नसता, तर ‘डेटा टॅबमधून आयात करा’ हेच उत्तर आलं असतं, जे विचारणाऱ्याला आधीच माहीत होतं. एवढं समोर असल्यावर जाणकार एका ओळीत सांगू शकतो: फाइलच्या सुरुवातीला बीओएम, म्हणजे यूटीएफ-८ ची खूण सांगणारे तीन बाइट घाला.

म्हणून प्रश्न लिहिताना या गोष्टी आल्या का ते पाहा: काय करत होता, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, कोणत्या आवृत्तीवर, काय करून पाहिलं आणि त्याचा परिणाम, आणि कोणता उपाय तुम्हाला चालणार नाही व का. ‘चालत नाही’ हे शब्द एकटे कधी लिहू नका. सुरूच होत नाही, मध्येच थांबतं, की चुकीचं उत्तर येतं, या तिन्हींचं निदान वेगळं असतं. ‘लेटेस्ट व्हर्जन’ असंही नको, आकडा लिहा.

किती लांब लिहावं?

स्क्रोल न करता प्रश्न कळला पाहिजे. नेमका प्रश्न पहिल्या दोन-तीन वाक्यांत आणा, तपशील त्याखाली, लांब लॉग (प्रोग्रामने स्वतः लिहिलेल्या नोंदी) सगळ्यात शेवटी. एका पत्रात एकच विषय. पाच प्रश्न एकत्र विचारले की सोप्या दोनांची उत्तरं मिळतात आणि अवघड तीन तसेच राहतात.

मला हवा तो उपाय ठरलेला आहे. मूळ उद्दिष्ट कशाला सांगू?

कारण अडचण बऱ्याचदा त्या ठरवलेल्या उपायातच असते. प्रोग्रामर मंडळी याला ‘एक्स-वाय प्रॉब्लेम’ म्हणतात: सोडवायचं असतं एक्स, त्यावर वाय हा मार्ग डोक्यात येतो, आणि विचारलं जातं फक्त वायबद्दल.

समजा कोणी विचारलं, ‘एक्सेलमधल्या तारखेचं पुन्हा मजकुरात रूपांतर करणारं सूत्र कोणतं?’ उत्तर मिळेल, सूत्रही चालेल. पण मूळ अडचण अशी असू शकते की यादीतली जनुकांची नावं एक्सेल स्वतःहून तारखा समजतंय. ‘मार्च१’ आणि ‘सेप्ट१’ या जनुकांच्या बाबतीत हे इतकं व्हायचं, की मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने ती बदलून ‘मार्चएफ१’ आणि ‘सेप्टिन१’ अशी केली. २०२० मध्ये जाहीर झालेल्या तिच्या नियमावलीत या बदलाची नोंद आहे. अशा वेळी रूपांतराचं सूत्र कामाचं नसतं. तारीख झालेल्या नावाचा मूळ मजकूर गेलेला असतो, आणि तो सूत्राने खात्रीने परत येत नाही. खरा उपाय म्हणजे आयात करतानाच तो स्तंभ ‘मजकूर’ ठरवणं. पण विचारणाऱ्याने जनुकांचा उल्लेखच केला नाही, तर हे सुचवणार कोण?

‘मला अमुक साध्य करायचंय, त्यासाठी तमुक करतोय, तिथे अडलोय’ अशी दोन वाक्यं घातली की हा धोका टळतो.

एररचा स्क्रीनशॉट पाठवला तर चालेल ना?

मजकूर असेल तर मजकूरच पाठवा. चित्रातला मजकूर सहज शोधता येत नाही, सहज कॉपी करता येत नाही, आणि स्क्रीन-रीडर (स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम) वापरणाऱ्याला तो बहुतेकदा ऐकूही येत नाही. एररचं भाषांतर किंवा सारांश करू नका. क्रमांक, विरामचिन्हं, फाइलचं नाव सगळं तसंच ठेवा. मांडणी बिघडली आहे, रंग चुकलाय, आलेख विचित्र दिसतोय, अशा वेळी मात्र चित्रच हवं. तेव्हाही पूर्ण खिडकी दिसू द्या, फक्त एररची लाल पट्टी कापून पाठवू नका.

लांब लॉग असेल तर पहिली एरर शोधा. शेवटची एरर ही बहुतेकदा पहिलीचा परिणाम असते. पहिल्या एररच्या आधीच्या २०-३० ओळी आणि नंतरच्या थोड्या एवढं पुरतं.

‘छोटं उदाहरण करून द्या’ असं सांगतात. ते कसं करायचं?

मूळ फाइलची प्रत घ्या. अर्धा भाग काढून टाका. अडचण अजून आहे का? असेल तर उरलेल्यातला अर्धा काढा. गेली असेल तर काढलेला भाग परत आणून दुसरा अर्धा काढा. हजार ओळींची फाइल अशी दहाएक फेऱ्यांत एका ओळीपर्यंत येते. खरा डेटा असेल तिथे त्याच प्रकारची बनावट मूल्यं घाला आणि अडचण अजून येते का ते पुन्हा तपासा. शेवटी हे उदाहरण कोऱ्या फोल्डरमध्ये किंवा दुसऱ्या मशीनवर चालवून पाहा, कारण तुमच्या मशीनवरची एखादी सेटिंग नकळत त्यात गृहीत धरलेली असते.

हे काम कंटाळवाणं वाटतं, पण टाळू नका. बऱ्याचदा कारण इथेच सापडतं आणि पत्र पाठवायची गरजच राहत नाही.

माझं क्षेत्र संगणकाचं नाही. मला यातलं काय लागू?

सगळंच, तपशील फक्त बदलतात.

संख्याशास्त्राचा प्रश्न असेल तर ‘कोणती चाचणी वापरू?’ एवढ्याने भागत नाही. संशोधनाचा प्रश्न काय, नमुने किती, एकाच व्यक्तीची मोजमापं पुन्हा पुन्हा घेतली आहेत का, मोजलेलं मूल्य आकडा आहे, हो-नाही आहे की क्रम आहे, गळालेली मूल्यं किती, हे लिहा. एकाच रुग्णाची तीन मोजमापं स्वतंत्र नमुने म्हणून मोजणं ही नेहमीची चूक आहे, आणि तपशील दिला तरच जाणकाराला ती दिसते.

वैद्यकीय क्षेत्रात एसबार ही चौकट वापरतात: सध्याची स्थिती, पार्श्वभूमी, स्वतःचा अंदाज, आणि नेमकं काय हवं. अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरची ही पद्धत पुढे रुग्णालयांनी उचलली. तिसरा आणि चौथा भाग इतर क्षेत्रांनीही घ्यावेत असे आहेत. ‘माझा अंदाज असा आहे, कारण...’ हे लिहायला लोक कचरतात. पण अंदाज चुकला असेल तर कुठे चुकला ते दाखवणं जाणकाराला सगळ्यात सोपं जातं.

कायद्याच्या प्रश्नात कोणत्या देशाचा, राज्याचा कायदा आणि कोणती तारीख, हे नसेल तर उत्तर निरुपयोगी ठरतं. भाषांतराच्या प्रश्नात सुटा शब्द देऊ नका. पूर्ण वाक्य, मजकुराचा प्रकार आणि वाचक कोण, हे द्या. ग्रंथालय किंवा अभिलेखागाराला विचारताना कुठे शोधून झालं ते सांगा, नाहीतर तेच सूचीपत्र तुम्हाला पुन्हा सुचवलं जाईल.

गोपनीय माहिती कशी झाकायची?

इथे निष्काळजीपणा झाला तर भोगावं तुम्हाला नाही, तुमच्या रुग्णाला, ग्राहकाला किंवा सहकाऱ्याला लागतं. म्हणून हे नीट वाचा.

पीडीएफमध्ये मजकुरावर काळी चौकट ओढली तरी खालचा मजकूर तसाच असतो. तो निवडून कॉपी करता येतो. मजकूर खरोखर काढून टाकणारं साधन वापरा आणि नंतर स्वतः कॉपी करून पाहा. चित्रातला मजकूर धूसर करणंही सुरक्षित नाही. सपाट रंगाने पूर्ण झाका आणि नवीन चित्र म्हणून जतन करा. वर्डमध्ये कापलेल्या चित्राचा लपलेला भाग फाइलमध्ये राहू शकतो. एक्सेलमधल्या लपवलेल्या ओळी आणि शीट कोणीही उघडू शकतो, आणि पिव्हट टेबल (डेटाचा सारांश दाखवणारा तक्ता) दुसऱ्या फाइलमध्ये नेलं तरी त्याच्यासोबत मूळ डेटाची प्रत जाऊ शकते. फोनवर काढलेल्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश असू शकतात.

नाव काढलं म्हणजे ओळख पुसली असं होत नाही. दुर्मीळ आजार, वय, गाव आणि दाखल झाल्याची तारीख एकत्र आली की माणूस ओळखता येतो. तारखांऐवजी ‘पहिला दिवस, नववा दिवस’ असं लिहा. वयाऐवजी दशक पुरतं.

बदली नावं लागली तर राखीव नावं वापरा. ‘एक्झाम्पल डॉट कॉम’ हे नाव १९९९ पासून उदाहरणांसाठीच राखून ठेवलेलं आहे. नेटवर्कच्या पत्त्यांसाठी १९२.०.२.० ते १९२.०.२.२५५ हा पट्टा दस्तऐवजांसाठी राखीव आहे. मनाने बनवलेलं डोमेन खरंच कुणाचं तरी असू शकतं. आणि बदल करताना एका नावाला सगळीकडे एकच बदली नाव द्या, नाहीतर उत्तर देणाऱ्याचा गोंधळ उडतो.

फाइल जोडू का?

आधी विचारा, किंवा मजकुरातच भागतं का ते पाहा. मेलमधून जाताना फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते, म्हणून २५ एमबीची मर्यादा असेल तर १८ एमबीच्या वरची फाइल अडकू शकते. मॅक्रो (फाइलमध्येच ठेवलेल्या, आपोआप चालणाऱ्या आज्ञा) असलेली किंवा पासवर्ड लावलेली झिप फाइल अनोळखी माणूस उघडणार नाही, आणि उघडूही नये.

‘तातडीचे’ लिहिलं तर लवकर उत्तर मिळेल?

नाही. तुमची घाई ही उत्तर देणाऱ्याची जबाबदारी नसते. मुदत खरी असेल तर ती साधेपणाने सांगा, वेळेच्या पट्ट्यासह (टाइम झोन). ०३/०४ ही तारीख काही ठिकाणी ३ एप्रिल आणि काही ठिकाणी ४ मार्च वाचली जाते, म्हणून महिना अक्षरात लिहा. जिवाचा किंवा मोठ्या नुकसानीचा प्रश्न असेल, तर लेखी वाट पाहू नका. ज्यांच्याकडे ती सेवा देण्याची जबाबदारी आहे त्यांना फोन करा.

एकच प्रश्न अनेकांना एकाच वेळी पाठवला तर?

पाठवायचाच असेल तर प्रत्येक पत्रात तसं सांगा. न सांगता पाठवला, तर तीन जण स्वतंत्रपणे तासभर घालवून तेच उत्तर लिहितात, आणि हे त्यांना नंतर कळतंच, कारण एका क्षेत्रातली माणसं एकमेकांना ओळखतात. एकाला विचारून चार-पाच कामाचे दिवस थांबणं आणि मग दुसऱ्याकडे जाणं हा चांगला क्रम.

गटाला विचारावं की एका तज्ज्ञाला खासगीत?

गटाला. उत्तर चुकलं तर दुसरा कोणी दुरुस्त करतो आणि ओझं एकावर पडत नाही. खासगीत तेव्हाच लिहा, जेव्हा प्रश्न त्या व्यक्तीच्याच कामाबद्दल आहे: तिचा शोधनिबंध, तिने बनवलेलं साधन. गटात कोणी उत्तर दिलं, तर पुढचे उपप्रश्नही गटातच विचारा. त्या व्यक्तीला वेगळं गाठू नका.

सुरुवात आणि शेवट कसा करावा?

‘नमस्कार’ पुरतं. गटाला लिहिताना ‘सर’ नको, वाचणाऱ्यांत स्त्रिया असतात. एका व्यक्तीला लिहिताना अहो-जाहो आणि नाव बरोबर. अज्ञानाबद्दल क्षमा, वेळ घेतल्याबद्दल क्षमा, असे परिच्छेद नकोत. ती नम्रता नीट लिहिलेल्या प्रश्नात दिसते. शेवटी नाव आणि कामाचं स्वरूप लिहा. विद्यार्थी असाल आणि प्रश्न अभ्यासक्रमातल्या कामाचा असेल, तर ते लपवू नका. लोक मदत करतात, फक्त आयतं उत्तर न देता दिशा दाखवतात.

उत्तरच आलं नाही तर?

आठवडाभर थांबा, मग एकदाच आठवण करा, तीही नवीन काहीतरी घेऊन: आणखी एक प्रयोग, छोटं केलेलं उदाहरण, नेमका केलेला प्रश्न. नुसतं ‘कोणी पाहिलं का?’ नको. दुसऱ्यांदाही शांतता असेल तर बहुधा ठिकाण चुकलंय, किंवा उत्तरासाठी लागणारं काम फुकट सल्ल्याच्या पलीकडचं आहे. पूर्ण करार तपासणं, अख्ख्या डेटाचं विश्लेषण, ३० पानांचं परीक्षण हे कुणाचं तरी सशुल्क काम असतं. ते तसंच मागा आणि मोबदल्याची भाषा आधी करा.

उत्तर तुटक किंवा तिरकं आलं.

तुटक म्हणजे उद्धट नव्हे. ‘अमुक पानावरचा भाग ४ पाहा’ हे पूर्ण उत्तर आहे. वाचा, आणि तरी अडलं तर कोणत्या वाक्यावर अडलं ते लिहा. प्रतिप्रश्न आले तर सगळ्यांची उत्तरं द्या. तीनपैकी गैरसोयीचा एक गाळला की समोरचा तिथेच थांबतो. खरंच अपमान झाला असेल, तर लगेच लिहू नका. भावनेच्या भरात लिहिलेलं उत्तर रात्रभर थांबवा, हा सल्ला १९९५ च्या आरएफसी १८५५ या इंटरनेट-शिष्टाचाराच्या दस्तऐवजातही आहे, आणि तो अजून उपयोगी पडतो.

दोघांनी परस्परविरोधी उत्तरं दिली.

दोघांचं गृहीतक वेगळं असण्याची शक्यता जास्त. ‘पहिलं उत्तर अमुक आवृत्तीसाठी आहे का?’ असं विचारा. कोण मोठा, कोण अनुभवी यावरून निवडू नका. प्रतीवर दोन्ही करून पाहा. तुम्हाला न समजलेली आज्ञा किंवा मात्रा, सांगणारा कितीही खात्रीने सांगो, तशीच वापरू नका.

एआयला विचारून मिळालेलं उत्तर प्रश्नात घालू का?

ते करून पाहिलं असेल तर एका ओळीत: ‘एआयने अमुक सुचवलं, केलं, तमुक झालं.’ अख्खं संभाषण चिकटवू नका. न तपासलेलं उत्तर देऊन ‘हे बरोबर आहे का?’ असं विचारणं म्हणजे तपासणीचं काम दुसऱ्यावर ढकलणं. प्रश्नाची भाषा सुधारून घ्यायला हरकत नाही, फक्त एररचा मजकूर आणि आकडे त्यात बदलले नाहीत ना ते पाहा.

अडचण सुटली. आता काय करायचं बाकी आहे?

काय केल्याने सुटली ते त्याच संभाषणात लिहा: कारण, केलेला बदल, आवृत्ती, आणि कुणाच्या सूचनेने. स्वतःच सोडवली तरीही. नुसतं ‘सुटलं, धन्यवाद’ लिहिलं की पुढे हीच अडचण येणाऱ्याला संभाषण सापडतं आणि उत्तर सापडत नाही. सूचना चालली नाही, तर तेही सांगा. उत्तर देणारा खरोखर वाट पाहत असतो.

कुणाचं उत्तर पुढे पाठवू किंवा अहवालात वापरू शकतो का?

खासगी पत्र असेल तर परवानगी घ्या. लेखात किंवा अहवालात वापरायचं तर नाव द्यायचं की नाही तेही विचारा. काहींना आपलं घाईत लिहिलेलं मत नावासकट छापलेलं नको असतं.

चुकून पासवर्ड किंवा कुणाचं नाव पत्रात गेलं.

पाठवलेलं पत्र परत घेण्याच्या सोयीवर विसंबू नका. आउटलुकची ‘रिकॉल’ सोय एकाच संस्थेच्या आत चालते, बाहेर गेलेल्या मेलवर नाही. पासवर्ड किंवा एपीआय की (एका प्रोग्रामला दुसऱ्या सेवेत प्रवेश देणारा गुप्त संकेत) असेल तर आधी ती रद्द करून नवीन घ्या, मजकूर पुसण्याचं नंतर पाहा. पुसेपर्यंत कॉपी झालेली असू शकते. त्या मधल्या काळात कुणी ती वापरली का, ते नोंदींत तपासा. व्यक्तीची माहिती गेली असेल तर आपल्या संस्थेतल्या जबाबदार माणसाला त्याच दिवशी कळवा, कारण कळवण्याची कायदेशीर मुदत काही ठिकाणी तासांत मोजली जाते: युरोपीय संघाच्या जीडीपीआर या डेटा-संरक्षण कायद्यामध्ये नियामकाला कळवायला ७२ तास असतात. मग ज्यांना पत्र गेलं त्यांना ते पुसायची विनंती करा, पण त्या विनंतीत ती माहिती पुन्हा लिहू नका, आणि खाली मूळ पत्र जोडलेलं राहिलं नाही ना तेही पाहा.